आत्याबाईंच्या देखत शिजवलेला मेंढा

कुसुमचं पत्र आलं आहे. ती माझी भाची. मुंबईला तिने नवीन बिऱ्हाड केलं आहे आणि जावयांना मावशीच्या हातच्यासारखं मटण हवं आहे. लिहिते, "मसाला मला ठाऊक आहे. खाटकाकडे गेल्यावर कुठलं मटण मागायचं आणि मीठ किती घालायचं, एवढंच दोन ओळींत कळव."

मसाला दोन ओळींत सांगता येतो. मटण सांगता येत नाही. म्हणून ही वही काढली. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा चुका असतील. कुसुमने त्या सुधारून घ्याव्यात आणि वही कुणाला दाखवू नये.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी मटण खात नाही. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून खाल्लेलं नाही. त्याआधी खाल्लं असेल, पण त्या वयात जेवताना कुणी लक्ष देतं का? आमच्यात विधवेने मटण खायचं नाही असा नियम होता. तिने ते शिजवायला मात्र कुणाची हरकत नव्हती. मी अलिबागला भाऊसाहेबांच्या घरी वीस वर्षं दर आइतवारी मटण शिजवलं. भाऊसाहेब म्हणजे माझे लांबचे मामा, कोर्टात वकील. त्यांच्याकडे खाणारे पुष्कळ, पण मामींना कांद्याच्या वासानेही डोकं चढायचं. म्हणून मला म्हसळ्याहून, दिराच्या घरून, बोलावून घेतलं. दिराकडे मी दोन वर्षं होते. भाताच्या कणगीमागे निजायचे आणि सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते खायचे. बहुतेक काही उरत नसे. त्याबद्दल एवढंच पुरे.

पहिली दोन वर्षं मटण गडी आणायचा. खाटीक देईल ते घेऊन यायचा. एकदा दोन शेर मटणात सव्वा शेर हाडंच निघाली आणि मामी म्हणाल्या, "द्वारके, उद्यापासून तूच जा." तशी चांगल्या घरची बाई खाटकाकडे जात नाही. पण विधवा कुठे गेली तरी तिच्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे या कामाला मी सोयीची होते.

हुसेनमियाचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. मी पुढून जात नसे. मागच्या परड्यात चिंचेचा ओंडका होता, तिथे तो सकाळी तोडायला बसायचा. मी कुंपणाच्या आत चार पावलं येऊन उभी राहायचे. बोलायचं माझ्याने होत नसे. हवं तिकडे बोट करायचे, नको असेल तर बोट मागे घ्यायचे. हुसेनमियाला हे आठ दिवसांत समजलं. आमचा अकरा वर्षं असाच व्यवहार चालला आणि त्यात एकदाही भांडण झालं नाही. बोलणाऱ्या गिऱ्हाइकांशी त्याची रोज भांडणं होत असत.

एकच अडचण होती. आपल्याकडे बोकड आहे, शेळी नाही, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून खाटीक टांगलेल्या जनावराची नराची खूण तशीच ठेवतो. गिऱ्हाइकाने ती बघायची आणि मान डोलवायची, असा रिवाज. हुसेनमिया पहिल्या दिवशी म्हणाला, "बगून घ्या बाय, बोकडच हाय." मी चिंचेच्या झाडाकडे बघून मान डोलवली. पुढची अकरा वर्षं मी त्या झाडाकडेच बघत आले. त्या चिंचेची फांदी न् फांदी मला पाठ आहे.

पण त्यामुळे दुसऱ्या वाटेने ओळखायला शिकले. बरगडीचं हाड बघावं. कोवळ्या जनावराचं हाड आतून लालसर आणि ओलसर असतं, जुन्याचं पांढरं, खडूसारखं. चरबी पांढरी, घट्ट आणि थोडी असावी. पिवळी दिसली की समजावं, ही आजीबाई आहे. बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. खळगा तसाच राहिला तर ते कालचं. आणि वास घ्यावा. कोवळ्या बोकडाला दुधाचा वास असतो, अगदी पुसट. लोक म्हणतात मटणाला वास येऊ नये. वास यायलाच हवा, फक्त तो चांगला असावा.

आता कुठलं घ्यायचं ते. मी बाजारात जायला लागले त्या वर्षी मीही सगळ्यांसारखी मांडी आणली. मांडी दिसायला सुरेख, हाड कमी, कापायला सोपी. चार तास निखाऱ्यांवर ठेवली तर तिचा दोरखंड झाला. जेवण झाल्यावर भाऊसाहेबांनी दातकोरणं मागितलं आणि ते बराच वेळ वापरलं. त्या दिवसापासून मांडी बंद. मांडी झटपट करायच्या सुक्याला ठीक. मंद आचेवर ठेवायचं असेल तर जनावराचा जो भाग दिवसभर राबतो तो घ्यावा. शेळ्या-बोकडांची मान दिवसभर खाली-वर होते, म्हणून मान घ्यावी. ती शिजायला वेळ लावते पण रसाला धरून राहते. खांदा घ्यावा. पायाच्या नळ्या दोन-तीन, आतल्या मगजासाठी. छातीचे तुकडे, म्हणजे सीना, थोडे, तेलासाठी. कापताना सत्तुराचा एकच घाव घालायला सांगावं. दोनदा मारलं की हाडाची कपची उडते आणि ती नेमकी पाहुण्याच्या पानात जाते.

भांडं कल्हईचं. वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ठेवायचं. रस आटला तर त्या ताटातलंच गरम पाणी घालायचं. गार पाणी घातलं की मटण रुसतं आणि मग कितीही आर्जवं केली तरी शिजत नाही. शिजलं की नाही ते पळीने तुकडा भांड्याच्या कडेला दाबून बघावं. हाड सुटायला आलं की पळी लागल्याचा आवाज बदलतो. मसाला कच्चा आहे की झाला, आलं जास्त झालं का, खोबरं करपलं का, हे सगळं वासाने कळतं. मीठ तेवढं कळत नाही. मिठाला वास नसतो. ते मी मुठीने मोजून घालायचे. दोन शेराला एक मूठ, बोटं घट्ट मिटून. माझी मूठ कधी चुकली नाही. ज्या एका दिवशी चुकली त्या दिवसाचं सांगायचं आहे.

भाऊसाहेबांची आत्या चौलला असायची. मोठी सुपारीची वाडी, घरात एकटी. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या, तेव्हा त्यांना पंचावन्नावं चालू असेल. सुपारी उतरली की माघात छकड्यातून अलिबागला येत आणि पंधरा-वीस दिवस राहत. आल्या की घरात सगळ्यांचे आवाज खाली जात. माझा आधीच खाली असल्यामुळे मला फरक पडत नसे.

त्या माघात एका आइतवारी पेणचे एक वकील जेवायला होते. मोठा मोकळा माणूस. दुसऱ्यांदा वाढून घेताना ते मोठ्याने म्हणाले, "वा! करणाऱ्या बाईने जिभेवर ठेवून ठेवून केलंय हो! नाहीतर अशी चव येत नाही."

ते बिचारे स्तुती करत होते. आत्याबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या.

जेवणं आटोपल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. "द्वारके, तोंड उघड."

मी उघडलं. त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे माझी हनुवटी फिरवली आणि आत बघितलं. आत त्यांना काय दिसणार होतं, कोण जाणे.

"चाखतेस ना गो?"

"नाही."

"मग परका माणूस म्हणतो ते काय उगाच?"

मामी मध्ये पडल्या. "आत्याबाई, ती तशी नाही हो."

"तशी कुणीच नसते," आत्याबाई म्हणाल्या. "तेरा वर्षं न चाखता असं शिजतं होय? मला शिकवू नकोस. चाखत असेल तर या घरात तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. म्हसळ्याला दिराकडे जाऊ दे."

भाऊसाहेब ओटीवर बसून ऐकत होते. कोर्टात ते फार बोलत असं म्हणतात. घरी आत्याबाईंपुढे त्यांनी कधी वकिली केली नाही. तेवढं म्हणाले, "आत्या, पुरावा?"

"पुरावा पुढच्या आइतवारी," आत्याबाई म्हणाल्या. "मी बाजारापासून पानं वाढेपर्यंत हिच्या बरोबर राहीन. हात तोंडाकडे गेला तर दिसेलच. नाही गेला आणि मटण असंच झालं, तर मी माझे शब्द मागे घेईन. बिघडलं, तर इतके दिवस चाखत होती हे ठरलं."

मटण चांगलं झालं म्हणून माझ्यावर आळ आला होता, आणि आता वाईट झालं तर तो खरा ठरणार होता. त्या सहा दिवसांत मी भाताची कणगी रोज स्वप्नात बघितली.

आइतवारी उजाडताच आम्ही निघालो. आत्याबाई पुढे, मी मागे. हुसेनमियाच्या परड्यात एकदम दोन पांढऱ्या पदरांच्या बाया बघून तो उठून उभाच राहिला. ओंडक्याच्या मागे जे टांगलं होतं ते मी दुरूनच ओळखलं. तो बोकड नव्हता. माघात लग्नांची गर्दी, आजूबाजूच्या आगऱ्यांच्या गावांत हळदी लागलेल्या. तालुक्यातला बोकड न् बोकड हळदीच्या जेवणाला गेला होता. घाटावरून धनगर मेंढरं घेऊन खाली उतरले होते, त्यांच्यातला एक मेंढा हुसेनमियाने आणला होता.

मी जन्मात मेंढा शिजवला नव्हता. माझं सगळं काम नाकावर चालायचं आणि मेंढ्याचा वास निराळा. लोकरीचा, ओल्या घोंगडीसारखा. मी बोट कशाकडेही केलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दुसरं नाही?"

हुसेनमियाने सत्तूर खाली ठेवला. "या अल्ला! बाय, तुमाला आवाज हाय?"

"तिने विचारलंय त्याचं उत्तर दे," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाय हो आजी. आख्ख्या बाजारात न्हाय. पन मेंढा कवळा हाय. दोन दाती, वरीसभराचा. बगून घ्या, मेंढाच हाय, मेंढी न्हाय."

मी चिंचेकडे बघितलं. आत्याबाईंनी मात्र जिथे बघायचं तिथे सरळ बघितलं, चांगलं निरखून, आणि मान डोलवली. हुसेनमियाच लाजला.

"मांडी देऊ, आजी? मोट्या घरची मानसं मांडीच नेतात."

मी घाईने मानेकडे बोट केलं. मग खांद्याकडे. मग दोन नळ्या. सवयीने बोट छातीकडे गेलं, तोच मागून आत्याबाईंचा आवाज आला, अगदी हळू, पदराआडून.

"सीना नको. मेंढ्याचा सीना चरबट लागतो."

मी बोट मागे घेतलं. वाटेत मनात आलं की चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या गोष्टीचं एवढं यांच्या लक्षात कसं? पण विचारायची सोय नव्हती, आणि मला स्वतःचीच चिंता पुष्कळ होती.

घरी आल्यावर आत्याबाईंनी चुलीसमोर दोन हातांवर पाट मांडला आणि जपमाळ घेऊन बसल्या. मामींना म्हणाल्या, "अंघोळ मागाहून करीन." मी कांदा परतला, मटण टाकलं, वाटण घातलं, दोन शेराला एक मूठ मीठ घातलं, ताट झाकलं, ताटात पाणी ओतलं आणि निखारे सारखे केले. घामाचा थेंब ओठावर आला तरी पुसायला हात वर नेला नाही. आत्याबाईंची नजर माझ्या हातांवर आणि जप चालू. मेंढा आणि रामनाम यांची अशी गाठ पुन्हा कुठे पडली असेल असं वाटत नाही.

तासाभराने ताट उचललं तर भांड्यात बोटभर तेल वर आलेलं. सीना घेतला असता तर बुडालोच असतो. मी पळीने ते काढत बसले. पण तेल काढताना त्याबरोबर रसही जातो. म्हणून ताटातलं गरम पाणी घातलं. पुन्हा तेल आलं, पुन्हा काढलं, पुन्हा पाणी घातलं. त्या ओल्या घोंगडीच्या वासाखाली माझा नेहमीचा वास काही सापडेना. मी चार मिरी जास्त टाकली आणि वाट बघितली. तिसऱ्या तासाला घोंगडी गेली. लवंग आली, मग भाजलेलं खोबरं आलं, आणि शेवटी मान शिजल्यावर येतो तो गोडसर वास आला. पळीने दाबलं. आवाज बदलला होता. मला रडू आलं, पण डोळे पुसायलाही हात वर न्यावा लागतो, म्हणून रडले नाही.

मामींनी बाहेरून हाक मारली. पाहुणे आले होते, पानं मांडायची होती. पेणचे वकीलही होते. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं आणि कशाचे साक्षीदार ते सांगितलेलं नव्हतं. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा. मी आहे भांड्यापाशी."

मी गेले. पाच पाट, पाच पानं, पाच तांबे, मीठ-लिंबू. परत आले तेव्हा आत्याबाई पाटावरच होत्या. जपमाळ चालू होती, जरा घाईत. मी भांडं उतरवायला वाकले. आत्याबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या,

"मिठाला अंमळ कमी आहे."

मी वाकलेली तशीच राहिले. रस दोनदा काढला होता, दोनदा पाणी घातलं होतं आणि मीठ पहिल्या मुठीचंच होतं. कमी असणारच. पण ते वासाने कळण्यासारखं नव्हतं. मला कळलं नव्हतं, आणि माझ्यासारखं नाक त्या घरात दुसरं नव्हतं. ताटावर मी पळी पालथी ठेवून गेले होते. ती आता उताणी होती.

मी मिठाच्या बरणीत हात घातला. "किती घालू?"

"चिमूटभर," आत्याबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मोठी चिमूट."

मी मोठी चिमूट घातली, ढवळलं आणि वाढायला नेलं.

पेणचे वकील त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यांनी चार वेळा वाढून घेतलं आणि नळीतला मगज काढताना पानाशेजारच्या जमिनीवर नळी इतक्या जोराने आपटली की मामी दचकल्या. सगळ्यांचं झाल्यावर आत्याबाई ओटीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, "मी सकाळपासून हिच्या जवळ आहे. हिचा हात तोंडाकडे एकदाही गेला नाही. शपथेवर सांगते. मी बोलले ते चुकले."

भाऊसाहेब म्हणाले, "मग दावा निकालात." आणि सुपारी कातरायला बसले.

आत्याबाई शपथेवर जे बोलल्या त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यानंतर सात माघ आत्याबाई येत राहिल्या. आल्या की पहिल्या आइतवारी मामींना म्हणायच्या, "नजर ठेवलेली बरी," आणि चुलीसमोर पाट मांडायच्या. मी शेवटी पानं मांडायला जायचे. पानं मांडायला मी तोवर फार सावकाश शिकले होते. एक पान फाटकं निघायचं, एक तांब्या पुन्हा घासावा लागायचा. परत आले की भिंतीकडे बघून निकाल मिळायचा. "मान जून होती गो यंदा." "आलं पुढे झालंय." एका वर्षी नुसतंच, "हं." ते सगळ्यात चांगलं झालेलं होतं. लोकांनी मला पुष्कळ वाखाणलं, पण माझं मटण ज्याला खरोखर कळलं असं माणूस ते एकच.

शेवटच्या वर्षी त्यांच्याने पाटावर बसवेना. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पानं मांडायला निघाले तशी म्हणाल्या, "द्वारके, खरं सांग. तू कधीच नाही?"

"नाही."

त्यांनी जपमाळ मांडीवर ठेवली.

"वेडी आहेस," त्या म्हणाल्या.

मी पानं मांडायला गेले. त्या दिवशी तरी पळी हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही. वाटलं असतं तरी बसले नसते.

तर कुसुम, मान घे, खांदा घे, नळ्या दोन घे. मांडी नको. मेंढ्याचं मिळालं तर सीना नको. हाड बघ, चरबी बघ, वास घे, आणि खाटीक बघायला सांगेल तिथे सरळ बघ. लाजू नकोस.

वर मूठ लिहिली ती माझी; तुझं मीठ किती ते मी सांगणार नाही. तू चाखून बघ.